कठडा बांधायचा कुणी? नॅनोट्यूबची पावडर आणि सेफ्टी ऑफिसरची पंचाईत

एका सेफ्टी ऑफिसरने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या बाजूला कोटिंग बनवणारा एक छोटा कारखाना. स्थिर वीज निघून जावी म्हणून फरशीवर जे रेझिन ओततात, त्यात तीन महिन्यांपासून कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, काळी पावडर घालायला सुरुवात झाली आहे. एकेक किलोच्या पिशव्या येतात, दोन हेल्पर त्या कापून हाताने मिक्सरमध्ये ओततात आणि शिफ्ट संपताना खाली सांडलेलं झाडूने गोळा करतात. सप्लायरने दिलेल्या एमएसडीएसवर, म्हणजे पदार्थाच्या सुरक्षेची माहिती देणाऱ्या कागदावर, ‘कार्बन, मर्यादा ३.५ मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलं आहे. मध्यंतरी कामगारांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला, ‘ही पावडर म्हणजे नवा ॲस्बेस्टॉस’. दोघं हेल्पर त्या दिवसापासून मिक्सरजवळ जायला तयार नाहीत. मालक म्हणतात, सगळ्यांना एकत्र बोलावून ‘काही धोका नाही’ म्हणून सांगून टाका. सेफ्टी ऑफिसर विचारतात, काय सांगू?

ते वाक्य तेवढं सांगू नका. ‘काही धोका नाही’ असं एकदा म्हणून बसलात की पुढे आग, गॅस, विजेचा शॉक, कशाबद्दलही तुम्ही खरं बोललात तरी त्या शेडमध्ये कुणी मनावर घेणार नाही. शिवाय तो व्हिडिओ पूर्ण खोटा नाही. अर्धा खरा आहे. अर्ध्या खऱ्याला सरसकट खोटं म्हणायला गेलं की आपणच तोंडघशी पडतो.

मी गेली सव्वीस वर्षं कारखान्यांतली हवा मोजतो. कामगाराच्या कमरेला पंप, कॉलरला फिल्टर, आठ तास त्याच्या मागे हिंडायचं आणि संध्याकाळी आकडे मांडायचे. त्यामुळे माझं उत्तर मिक्सरपासून सुरू होईल, भाषणापासून नाही. काय सांगायचं ते शेवटी आपोआप ठरतं.

आधी व्हिडिओतला खरा अर्धा. ॲस्बेस्टॉस माणसाला मारतं ते त्यात विष आहे म्हणून नाही, आकारामुळे. लांब, बारीक, ताठ आणि शरीरात न विरघळणारे तंतू. फुप्फुसात आलेली धूळ साफ करायला आपल्या शरीराने पेशी ठेवलेल्या आहेत. त्या कण गिळतात आणि घेऊन जातात. पण पंधरा-वीस मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब तंतू आला की पेशीची गत तोंडात आडवी काठी अडकलेल्या कुत्र्यासारखी होते. गिळता येत नाही, टाकता येत नाही. ती तिथेच चडफडत राहते, आजूबाजूच्या भागाला सूज येते आणि ही सूज वर्षानुवर्षं धुमसते. २००८ साली एडिंबरा विद्यापीठातल्या केन डोनाल्डसन यांच्या गटाने लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टोचल्या, तेव्हा त्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखीच सूज आणि गाठी दिसल्या. व्हिडिओवाल्याने उचललंय ते हेच.

आता त्याने गाळलेला अर्धा. त्याच प्रयोगात आखूड आणि एकमेकांत गुंतलेल्या, लोकरीच्या गुंड्यासारख्या नॅनोट्यूबही टोचल्या होत्या. त्यांनी तसं काही केलं नाही. दुसरं म्हणजे ते इंजेक्शन होतं, श्वास नव्हे. श्वासावाटेचा मोठा प्रयोग नंतर जपानमध्ये झाला. उंदरांना दोन वर्षं एका ठरावीक जातीच्या, लांब आणि ताठ नॅनोट्यूबच्या हवेत ठेवलं. घनमीटरला ०.०२, ०.२ आणि २ मिलिग्रॅम असे तीन गट होते. २०१६ साली निकाल छापून आला. वरच्या मात्रांना फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला, सर्वांत खालच्या मात्रेला तशी ठळक वाढ दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २०१४ साली बैठक घेऊन त्याच एका जातीला ‘२ब’ गटात टाकलं होतं, म्हणजे ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’. बाकीच्या नॅनोट्यूब ‘३’ गटात, म्हणजे ‘ठरवता येत नाही’ या खात्यात.

या ‘२ब’बद्दल एक सूचना, कारण उद्या कुणीतरी गूगल करून येणारच. आयएआरसीचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, पदार्थ किती घातक आहे ते सांगत नाहीत. याच ‘२ब’मध्ये पूर्व आशियातल्या पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्याही आहेत. (आपलं कैरीचं लोणचं नव्हे, पण ही तळटीप फॉरवर्ड करताना गळून पडते.) म्हणून ‘२ब आहे’ म्हणून छाती बडवायची नाही आणि ‘लोणचंसुद्धा २बमध्ये आहे’ म्हणून हसण्यावारीही न्यायचं नाही. या दोन्ही चुका मी शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या लोकांना करताना पाहिलं आहे.

तेव्हा पहिला प्रश्न ‘नॅनोट्यूब धोक्याच्या आहेत का’ हा नाही. ‘तुमच्या पिशवीतल्या नॅनोट्यूब कुठल्या’ हा आहे. सप्लायरला विचारा: लांबी किती, जाडी किती, सुट्या आणि ताठ की गुंतलेल्या, आणि बनवताना वापरलेलं लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट किती टक्के शिल्लक आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो मागा. प्रत्येक बनवणाऱ्याकडे तो असतो, कारण माल विकताना माहितीपत्रकात तोच फोटो दिमाखात छापतात. सेफ्टीने मागितला की मात्र तो ‘गोपनीय’ होतो.

आता तुमच्या एमएसडीएसकडे वळतो. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट ती आहे. व्हिडिओ नाही.

घनमीटर हवेमागे ३.५ मिलिग्रॅम ही मर्यादा कार्बन ब्लॅकची आहे. टायरमध्ये, शाईत जी काजळी घालतात ती. सप्लायरने ‘कार्बन तो कार्बनच’ म्हणून ओळ उचलून इथे चिकटवली. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ साली नॅनोट्यूबसाठी शिफारस केली ती घनमीटरला १ मायक्रोग्रॅमची. ३.५ मिलिग्रॅम म्हणजे ३५०० मायक्रोग्रॅम. एकाच काळ्या पावडरीच्या दोन आकड्यांत साडेतीन हजार पटींचा फरक. डोळ्यांसमोर आणायचं तर असं बघा: अंगमेहनत करणारा माणूस एका शिफ्टला साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. नायोशच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला दिवसाला दहा मायक्रोग्रॅम येतात, म्हणजे साखरेच्या एका दाण्याचा पन्नासावा-साठावा हिस्सा. तुमच्या एमएसडीएसच्या हिशेबाने पस्तीस मिलिग्रॅम येतात, म्हणजे चिमूटभर साखर. रोज.

आणि १ मायक्रोग्रॅम ही ‘याच्या खाली सुरक्षित’ अशी रेषा नाही, हेही माहीत असू द्या. त्या वेळच्या मोजणीच्या पद्धतीला खात्रीने मोजता येणारं सर्वांत कमी प्रमाण एवढं होतं, म्हणून तिथे रेघ मारली. जमेल तितकं त्याच्याही खाली राहा, असंच त्यांनी लिहिलं आहे. हवेतल्या पदार्थांच्या मर्यादा देणाऱ्या, आपल्या फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या अनुसूचीत तर नॅनोट्यूब हा शब्दच नव्हता. म्हणून ‘कायद्याने मर्यादेत आहोत’ हे उत्तर इथे कामाचं नाही. ज्या मर्यादेत आहोत ती या पदार्थाची नव्हेच.

एवढासा कण एवढा वेगळा का वागतो, हे कामगारांनाही विचारायचं असतं. नॅनो म्हटलं की अजूनही अर्ध्या लोकांना गाडी आठवते. मी त्यांना हरभऱ्याची डाळ आणि बेसन यांचं उदाहरण देतो. डाळ मूठभर उधळली तर खाली पडते, बेसन उधळलं तर घरभर होतं आणि नाकात जातं. वस्तू तीच. एक मायक्रॉनच्या, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या, एका कणाचे वीस नॅनोमीटरचे कण केले तर एकाचे सव्वा लाख होतात, आणि वजन तेवढंच राहून पृष्ठभाग पन्नास पट वाढतो. फुप्फुसाचा संबंध वजनाशी कमी, त्या पृष्ठभागाशी जास्त येतो. याच कारणाने नायोशने २०११ साली एकाच टायटॅनियम डायऑक्साइडला दोन मर्यादा दिल्या: साध्या पांढऱ्या पावडरीला २.४ मिलिग्रॅम, अतिसूक्ष्म पावडरीला ०.३.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच पैसे वाया जातात. कुणीतरी तुम्हाला कण मोजायचं यंत्र भाड्याने देईल. हवेच्या एका घनसेंटीमीटरमध्ये किती कण आहेत ते ते दाखवतं. छान यंत्र आहे, पण त्याला नॅनोट्यूब आणि धूर यांतला फरक कळत नाही. एकदा एका शेडमध्ये मी सकाळी साडेसहाला यंत्र लावून बसलो होतो. आकडा शांत. सातला एकदम चढला, कितीतरी पटींनी. मिक्सर तर बंदच. मी इकडे तिकडे धावलो, पिशव्या तपासल्या. शेवटी पाहतो तो पॅनेलबोर्डाशेजारी गणपतीच्या फोटोपुढे कुणीतरी अगरबत्ती लावलेली. त्यानंतर डिझेलचा फोर्कलिफ्ट आत आला, तेव्हा आकडा अगरबत्तीच्याही वर गेला. मग शेडच्या शेजारच्या भागात वेल्डिंग सुरू झालं. ज्या पावडरीसाठी मला बोलावलं होतं तिचा नंबर त्या दिवशी चौथा लागला असता.

यात दोन गोष्टी आहेत. एक, पिशवी उघडण्याआधीची हवा मोजल्याशिवाय उघडल्यानंतरच्या आकड्याला अर्थ नाही. आधी, काम चालू असताना, नंतर, अशी तीन वेळा मोजणी करायची, आणि वहीत मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची: कोण आलं, काय सुरू झालं, दार कधी उघडलं. फिल्टरवर कार्बन धरून प्रयोगशाळेत पाठवणार असाल तर त्या दिवशी डिझेलची गाडी बाहेर ठेवा. डिझेलची काजळीही कार्बनच, प्रयोगशाळा दोन्ही मिळून एकच आकडा देईल. जोडीला एक फिल्टर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. तंतू दिसले तर दिसले, तिथे वाद उरत नाही.

दुसरी गोष्ट जरा बोचणारी आहे. वेल्डिंगचा धूर आयएआरसीच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. डिझेलचा धूर २०१२ पासून त्याच गटात. दोन्हींत नॅनो आकाराचे कण खच्चून भरलेले. त्याबद्दल तुमच्या कारखान्यात कुणी व्हिडिओ फिरवला नाही, कारण तो धूर ओळखीचा आहे. नवी पावडर अनोळखी, म्हणून तिची भीती. मी हे कामगारांच्या भीतीला हसण्यासाठी लिहीत नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला आहे, तेव्हा त्याच फेरीत या दोन धुरांचंही बघून घ्या. एरवी मालक एक्झॉस्टचा खर्च काढणार नाहीत, आता काढतील.

मोजणी महिनाभर लांबली तरी निर्णय लांबवायची गरज नाही. आकडे नसताना काय करायचं यासाठी एक साधी पद्धत आहे, २०१४ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मार्गदर्शकातही आली आहे. पदार्थ किती वाईट ठरू शकतो याच्या पायऱ्या एका बाजूला, तो हवेत उडण्याची शक्यता किती याच्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही जिथे भेटतात त्या घरात काय बंदोबस्त करायचा ते लिहिलेलं असतं. माहिती नसेल तर वरची पायरी धरायची. तुमचं प्रकरण मांडून बघा: तंतू असण्याची शक्यता, लांबी माहीत नाही, कोरडी पावडर, हाताने ओतणं. कागद काढायचीही गरज नाही, सर्वांत वरचं घर येतं.

त्याच शेडमधली बाकीची कामं मात्र त्या घरात येत नाहीत, आणि हा फरक कामगारांसमोर मांडण्यासारखा आहे. रेझिनमध्ये मिसळल्यावर नॅनोट्यूब चिखलात रुतलेल्या काडीसारख्या अडकतात. डबे भरणं, झाकण लावणं, गाडीत चढवणं, इथे पावडरीचा संबंध जवळपास संपतो. पुन्हा जागरूक व्हायचं ते वाळलेलं कोटिंग घासताना आणि सँडिंग करताना. म्हणजे धोका सगळ्या कारखानाभर पसरलेला नाही. तो पिशवी कापण्यापासून मिक्सरचं झाकण लागेपर्यंतच्या आठ-दहा मिनिटांत आहे, रिकामी पिशवी घडी करताना आहे (हवा फुस्सकन बाहेर येते ती सरळ तोंडावर), मिक्सर धुण्यात आहे आणि झाडण्यात आहे.

उपायांत पहिला क्रमांक मास्कचा नाही. पहिला क्रमांक कोरडी पावडर विकत न घेण्याचा. बहुतेक उत्पादक त्याच नॅनोट्यूब रेझिनमध्ये आधीच कालवून, दाट पेस्ट किंवा दाण्यांच्या स्वरूपात देतात. त्याला मास्टरबॅच म्हणतात. किलोला महाग पडतो, पण पिशवी कापणं, उधळण, झाडणं हे सगळं एका फटक्यात जातं. पर्चेसवाल्यांना फक्त पावडरीचा भाव दाखवू नका. त्यात एक्झॉस्ट, फिल्टर, मास्क आणि मोजणीचा खर्च मिळवून दाखवा. अशा हिशेबानंतर पावडर परवडलेली माझ्या पाहण्यात नाही. पावडरच हवी असेल तर ओतण्याच्या तोंडाशी बंदिस्त पेटी, अतिसूक्ष्म धूळ अडवणारा हेपा फिल्टर लावलेला एक्झॉस्ट, साफसफाईला ओलं फडकं किंवा हेपाचा व्हॅक्यूम. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकणं ताबडतोब बंद. ही सवय आपल्याकडे प्रत्येक शेडमध्ये आहे, पोरं एकमेकांच्या पाठीवर हवा मारतात आणि हसतात.

मास्कबद्दल एक गैरसमज आहे तो काढून टाकतो. ‘कण इतके बारीक की मास्कच्या भोकातून जातात,’ असं व्हिडिओत सांगतात. चाळणीचा नियम इथे चालत नाही. अतिसूक्ष्म कण हवेत सरळ जातच नाहीत, दारू प्यायल्यासारखे हेलकावे खात तंतूंवर आपटतात आणि चिकटतात. सर्वांत जास्त निसटतात ते मधल्या आकाराचे, आणि एन९५ ची चाचणी साधारण त्याच कणांवर घेतात. गळती होते ती कापडातून नाही, नाकाशेजारच्या फटीतून आणि दाढीतून. पिशवी ओतणाऱ्याला रबरी कडेचा हाफ मास्क आणि जवळपास सगळे कण अडवणारा पी१०० फिल्टर द्या, त्याला दाढी असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. सर्जिकल मास्क, रुमाल, गमछा यांना मास्क म्हणूच नका.

आता सांगण्याचं. माझी एक फजिती आधी सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका रंगद्रव्याच्या कारखान्यात मी नमुने घ्यायला गेलो होतो. गाव आणि नाव सोडा. मॅनेजमेंटने कामगारांना उभं केलं आणि माझी ओळख करून दिली: ‘हे साहेब पुण्याहून आलेत, तज्ज्ञ आहेत, ते सांगतील की काळजीचं काही नाही.’ मी सांगितलं. चांगली वीस मिनिटं बोललो, फळ्यावर आकृती काढली. मग माझं काम सुरू करण्यासाठी बॅग उघडली, सवयीने हाफ मास्क तोंडावर चढवला, पांढरा सूट अंगात घातला, ग्लोव्हज घातले आणि पावडर ओतणाऱ्या माणसाच्या कमरेला पंप बांधायला वाकलो. त्याच्या तोंडाला फुलाफुलांचा रुमाल होता. तो माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. माझी वीस मिनिटं त्या एका मास्कने पुसून टाकली होती.

त्यानंतर मी पद्धत बदलली. जोखीम समजावताना मी विहिरीचं उदाहरण देऊ लागलो, कारण अशा शेडमधली बरीचशी माणसं गावाकडून आलेली, विहीर सगळ्यांनी पाहिलेली. विहीर खोल आहे, पडलं तर जीव जाईल, हा धोका. तो कमी होत नाही. पण विहिरीला कठडा आहे का, तुम्ही काठावर किती वेळा जाता, रात्री जाता की दिवसा, यावर तुम्ही पडण्याची जोखीम ठरते. धोका पावडरीत आहे, जोखीम आपल्या कामाच्या पद्धतीत आहे. उदाहरण चांगलं जमलं असं वाटून मी खूश होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका पन्नाशीच्या बाईंनी विचारलं, ‘समदं बराबर हाय साहेब, पर कठडा बांधायचा कुणी?’

तुमच्या मीटिंगमध्येही हाच प्रश्न येणार. शब्द वेगळे असतील. म्हणून आधी कठडा बांधा, निदान विटा तरी आणून ठेवा, मग मीटिंग बोलवा. बोलण्याचा मजकूर मी साधारण असा ठेवेन:

‘व्हिडिओत जे म्हटलंय त्यातलं काही खरं आहे. काही प्रकारच्या नॅनोट्यूब प्राण्यांच्या फुप्फुसात वाईट परिणाम करतात. आपली पावडर त्या प्रकारची आहे का, हे सप्लायरला लेखी विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत ती वाईट प्रकारचीच आहे असं धरून चालू. आजपासून पिशवी उघडी ओतणं बंद. गेले तीन महिने आपण ती चुकीच्या पद्धतीने हाताळली, ती चूक आमची. ज्यांनी ओतली त्यांची नावं लिहून घेतली आहेत, त्यांची तपासणी कंपनीच्या खर्चाने होईल. हवेची मोजणी अमुक तारखेला आहे, आकडे जे येतील ते याच फळ्यावर लागतील.’

यात ‘घाबरू नका’ कुठेच नाही. ‘घाबरू नका’ ऐकून घाबरायचं थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही. तारीख आणि आकडा ऐकून थांबलेले पाहिलेत.

‘चूक आमची’ या वाक्याला मालकांचा विरोध होईल. वकीलही सावध करतील. तरी ठेवा. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांना धोक्याची माहिती देण्याचं बंधन भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कायद्यात आलं. ते काही कुणाच्या भलेपणातून आलेलं नव्हतं. भोपाळमध्ये लोकांना गॅसचं नावही ठाऊक नव्हतं, मग बचाव कसला करणार?

उलट टोकाचीही एक गोष्ट सांगतो, म्हणजे तराजू एकीकडे कलणार नाही. २००६ च्या मार्चमध्ये जर्मनीत ‘मॅजिक नॅनो’ नावाचा स्नानगृहाच्या काचा-टाइलसाठीचा स्प्रे बाजारात आला आणि काही दिवसांत शंभराच्या आसपास लोकांना श्वासाचा त्रास झाला. काहींच्या फुप्फुसात पाणी झालं, त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. माल परत बोलावला. जगभर बातमी झाली: नॅनोतंत्रज्ञानाचे पहिले बळी. नंतर तपासात निघालं, की डब्यात नॅनोकण नव्हतेच. नॅनो फक्त नावात होतं. त्रास मात्र खरा होता. बारीक फवारा खोल फुप्फुसात गेला तर काय होतं, हा त्यातला खरा धडा, तो नॅनोच्या गोंगाटात हरवला. तुमच्याकडे ते स्प्रेगनने कोटिंग मारत असतील तर रेझिनच्या फवाऱ्यालाच आधी घाबरा, त्यात नॅनोट्यूब असो वा नसो.

आणि कुणी टायटॅनियम डायऑक्साइडचं विचारेल, की युरोपने खाण्यात बंद केलं मग आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांत कसं चालतं. उत्तर चुकवू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ साली म्हटलं, की त्याने जनुकांना इजा होते ही शंका पुरती फिटत नाही. त्यावरून २०२२ मध्ये बंदी आली. तेच संशोधन वाचून कॅनडाने आणि ऑस्ट्रेलियाने बंदी घातली नाही. पुरावा एकच, पण ‘शंका आहे तर थांबा’ म्हणणारे एक आणि ‘सिद्ध झालं तर थांबू’ म्हणणारे दुसरे. कामगारांना हे समजतं. घरात मुलीचं लग्न ठरवताना चौकशीवरून होणारे वाद त्यांनी ऐकलेले असतात.

तपासणीबद्दल. नॅनोट्यूबची अशी खास रक्तचाचणी नसते, कुणी पॅकेज विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता बघायची पीएफटी चाचणी आत्ता करून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते. यातही कागद सांभाळणं जास्त अवघड. ॲस्बेस्टॉसचे आजार वीस ते चाळीस वर्षांनी उगवले. १८९८ साली ब्रिटनच्या महिला फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या अहवालात लुसी डीन यांनी त्या धुळीबद्दल लिहिलं होतं, आणि ब्रिटनने पूर्ण बंदी आणली ती १९९९ साली. तुमचे हेल्पर काँट्रॅक्टचे असणार. काँट्रॅक्टर बदलला की नावं जातात, आणि वीस वर्षांनी लातूरच्या किंवा गयेच्या कुठल्या दवाखान्यात तो माणूस खोकत बसला तर त्याने काय ओतलं होतं हे सांगायला कुणी नसतं. म्हणून कंपनीच्या वहीत, काँट्रॅक्टरच्या नाही, नाव, तारखा आणि पदार्थ लिहा, आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. गावाकडच्या ट्रंकेत ती टिकेल, तुमच्या सर्व्हरपेक्षा जास्त.

कपडे घरी धुवायला नेऊ देऊ नका. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या बायकांना कपडे झटकून-धुऊन आजार झाले, ही जुनी आणि पक्की माहिती आहे. पावडर हाताळणाऱ्यांचे युनिफॉर्म कारखान्यातच धुवायचे. एखादी बाई गरोदर असेल तर तिला पगार न कापता मिक्सरपासून लांब काम द्या, आणि हा नियम आधीच फळ्यावर लावा, म्हणजे तिला सर्वांसमोर सांगत बसावं लागणार नाही.

ते दोघं हेल्पर अजून येत असतील तर त्यांना मीटिंगच्या आधी वेगळं भेटा. कामचुकार म्हणून त्यांच्यावर मेमो निघाला असेल तर तो मागे घ्या. पिशवी कशी उघडते, पावडर कुठून उडते, ओतताना नेमकं तोंड कुठे असतं, हे त्या शेडमध्ये त्या दोघांइतकं कुणालाच माहीत नाही. पेटीची उंची आणि हात घालायची भोकं त्यांना विचारून ठरवा.

मालकांशी बोलायला जाताना एमएसडीएसची प्रत, नायोशचा आकडा आणि मास्टरबॅचचं कोटेशन, तिन्ही एकाच फाइलमध्ये न्या. सप्लायरला पत्र आजच पाठवा, आठ दिवसांची मुदत घाला. मोजणीवाल्याची तारीख घ्या. आणि मिक्सरमागे भिंतीला टेकवून ठेवलेला तो झाडू, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आज संध्याकाळची शिफ्ट सुटायच्या आत तिथून हलवा.